शत्रूच्या सोळा बांगड्या

गहिनीनाथ कासाराचा धंदा बुडवला तो ऑस्ट्रियाच्या बादशहानं. हे ऐकून लोक हसत, पण त्यात खोटं काही नव्हतं. बीडात राजुरी वेशीजवळ त्याचं बोळाएवढं दुकान होतं. आठवड्यातले चार दिवस तो काचेच्या बांगड्यांची पेटी तट्टावर लादून खेडोपाडी हिंडायचा, बायांच्या उंबऱ्यावर बसून त्यांच्या हातात बांगड्या भरायचा. त्या बांगड्या यायच्या मुंबईहून आणि मुंबईत यायच्या ऑस्ट्रियाहून. पातळ, नितळ, उन्हात धरल्या तर पाण्यासारख्या. १९१४ सालच्या श्रावणात, ऐन हंगामात, तिकडं लढाई पेटली आणि जहाजं बंद झाली. मुंबईच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं: माल शत्रूच्या मुलखात अडकला आहे, आशा ठेवू नये.

गहिनीनाथानं पत्र दोनदा वाचलं आणि बायकोला हाक मारली. "ऐकलंस का? आपण आजवर शत्रूच्या बांगड्या विकत होतो म्हणं."

कौशल्याबाई भाकरी थापत होती. "मग आता दोस्तांच्या आणा की."

"दोस्तांना बांगड्या करता येत न्हाईत."

"मग ज्यांना येत्यात त्यांनाच शत्रू कावून केलं?" ती म्हणाली.

 गहिनीनाथ तेव्हा तिशीचा होता. उंच, किडकिडीत, नाक एवढं मोठं की बाया त्याला लांबून नाकावरूनच ओळखत. घरात म्हातारी आई आणि दोन लहान पोरी. पेटीत उरलेल्या बांगड्या दसऱ्यापर्यंतही पुरल्या नसत्या. पण एक गोष्ट त्याच्याजवळ होती, ती म्हणजे हात. शाळेत पंतोजीनं मारून मारून घटवलेलं त्याचं बाळबोध अक्षर असं होतं की गावातल्या लग्नपत्रिका त्याच्याकडूनच लिहून घेत.

या अक्षरानंच त्याला वर्तमानपत्रात नेलं. सुंदरराव नावाच्या वकिलांनी मोठ्या खटपटीनं संस्थान सरकारची परवानगी काढून 'बालाघाट वर्तमान' नावाचं चार पानी साप्ताहिक चालू केलं होतं. बीडात अक्षरांच्या खिळ्यांचा छापखाना नव्हता. होता तो रहमतुल्लाचा दगडी छापखाना. पिवळ्या कागदावर काळ्या चिकट शाईनं मजकूर सुलटा लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि दगडावरून छापायचा. रहमतुल्ला उर्दू फार देखणं लिहायचा, पण मराठी लिहिणारा माणूस त्याला हवा होता. मागचा लिहिणारा पुण्याला पळाला होता. गहिनीनाथ त्या जागी बसला.

लढाईच्या बातम्या जालन्याहून टपालानं यायच्या. वाटेत शहागडला गोदावरी आडवी, तिथं नावेतून टपाल उतरायचं, मग गेवराईवरून बीडला. भाद्रपदात नदीला पूर आला आणि आठ दिवस कागदाचा कपटा आला नाही. अंक निघायचा दिवस उजाडला. सुंदरराव कोर्टात अडकलेले. चौथ्या पानावर 'युद्धवार्ता' असा मथळा आणि त्याखाली वीतभर कोरी जागा.

"कुछ तो भी लिख बे," रहमतुल्ला म्हणाला. "दगड कोरा गेला तर लोक म्हणतील रहमतुल्लाची शाई सुकली."

गहिनीनाथानं जरा विचार केला आणि लिहिलं: 'गोदावरीला पूर आल्यामुळे या आठवड्यात लढाई झाली नाही. पाणी उतरल्यावर दोन आठवड्यांची एकदम होईल.'

अंक गावात गेला आणि दुपारपर्यंत पेठेत हशा पिकला. कापडवाले एकमेकांना विचारू लागले, "काय शेठ, पाणी उतरलं का? लढाई सुरू करायची का?" सुंदरराव संध्याकाळी तावातावानं छापखान्यात आले. त्यांच्या वर्तमानपत्राचा आजवर कुणी असा अपमान केला नव्हता. पण त्यांच्या मागोमाग चौघेजण आले आणि त्यांनी विचारलं की अंक शिल्लक आहे का. 'बालाघाट वर्तमान' शिल्लक नाही असं सांगायची वेळ सुंदररावांवर पहिल्यांदाच आली होती. ते खुर्चीवर टेकले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या अंकाला काय लिहिणार आहात?"

असं ते सदर सुरू झालं. नाव ठेवलं 'उंबऱ्यावरून'. खाली सही नसायची. गहिनीनाथाची रीत साधी होती. मिळतील तेवढ्या जाड देशी बांगड्या घातलेली अर्धी रिकामी पेटी घेऊन तो गावोगाव हिंडायचाच, उंबऱ्यावर बसायचाच. बाया बोलायच्या, तो ऐकायचा. मग ते इतकं गंभीर तोंड करून लिहायचा की वाचणाऱ्याला आधी बातमीच वाटायची. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा त्यानं लिहिलं, 'दिवे लागत नसल्यामुळे सासू-सुनांनी भांडणं दिवसाउजेडी उरकून घेण्याचं ठरवलं आहे. अंधारात कोण जिंकलं ते शेजाऱ्यांना नीट दिसत नाही.' आणि ज्या मजकुरानं सदराचं नाव जिल्हाभर झालं तो हा: 'गेवराईच्या बाजारात शुक्रवारी दोन सख्ख्या जावांत चकमक झाली. तीत शत्रूच्या सोळा बांगड्या फुटल्या. आपल्या बाजूचं नुकसान: एक कानशील.'

दर बुधवारी लिहिलेलं तो आधी कौशल्याबाईला वाचून दाखवायचा. ती हसली नाही तर ओळ खोडायची असा त्याचा नेम होता. ती हसायला फार कंजूष होती. पुढंपुढं ती शेजारी बसून कागदावर बोट फिरवू लागली, हे अक्षर कोणतं, ते कोणतं, असं विचारू लागली. पोरींबरोबर तिनंही पाटी घेतली. सासूला हे पसंत नव्हतं, पण सासूला पसंत असलेल्या गोष्टी तशाही थोड्याच होत्या.

दोन वर्षं अशी गेली. १९१६ च्या हिवाळ्यात गेवराईच्या बाजारात इंग्रज सरकारचा भरतीचा सुभेदार आला. लढाईवर खेचरं हाकायला माणसं पाहिजे होती. बाजेवर उभा राहून तो म्हणाला, खाणं सरकार देईल, कपडे सरकार देईल, बूट सरकार देईल. गर्दीत बोरखेडची बायनाबाई होती. तिचा एकुलता एक आश्रुबा जनावरांचा वेडा. चावरं तट्टू त्याच्या हाताखाली शेळीसारखं वागायचं. तो भरतीच्या रांगेत केव्हाच जाऊन उभा राहिला होता. बायनाबाई पुढं झाली.

"सगळं देतूस, बाबा. लेकरू परत कव्हा देतूस ते सांग."

"लढाई संपली की," सुभेदार म्हणाला.

"ती कव्हा सपनार?"

सुभेदारानं भरतीची वही चाळायला घेतली.

"आमी साधं लगीन काढतो तर आधी तिथी काढतो," बायनाबाई म्हणाली. "तुमी एवढी मोठी लढाई काढली अन् सपायची तिथीच न्हाई काढली?"

बाजार खो-खो हसला. सुभेदारसुद्धा मिशीआड हसला. आश्रुबा मात्र गेला. वळणावर त्यानं आईकडं बघून हात केला आणि तो दिसेनासा होईपर्यंत बायनाबाई तिथंच उभी राहिली. गहिनीनाथ पेटीजवळ उभा राहून हे सगळं बघत होता. त्यानं बाईचं नाव न घालता तिचा सवाल जसाच्या तसा छापला.

आठव्या दिवशी सुंदररावांना आणि गहिनीनाथाला कचेरीतून बोलावणं आलं. जिल्ह्याचा कारभार पाहणारे तालुकदारसाहेब नवेच आले होते. मोजकं बोलणारे, पांढरी दाढी, समोर उर्दू कागदांची चळत. सुंदरराव घाबरून पिवळे पडले होते. परवानगी गेली की वर्तमानपत्र गेलं. मराठीचं उर्दू करून सांगायला रहमतुल्लाला बरोबर घेतलं होतं.

"तू सरकारच्या खिलाफ आहेस का?" साहेबांनी विचारलं.

गहिनीनाथाची जीभ तिच्या सवयीनं चालली. "हुजूर, मी कासार आहे. दिवसभर लोकांच्या बायकांचे हात हातात धरतो. नवरे समोर बसलेले असतात, तरी आजवर कुणी मला मारलेलं नाही. यावरून हुजुरांनी ओळखावं की मी किती सांभाळून वागतो."

रहमतुल्लानं ते उर्दूत सांगितलं. साहेबांना कागद वाचून दाखवणाऱ्या पेशकारानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"ती बाई कोण?"

"हुजूर, बांगडी भरताना आम्ही बाईच्या तोंडाकडं बघत नाही. मनगट दाखवलं तर ओळखीन. नाव सांगता येणार नाही."

"म्हणजे आता मी साऱ्या जिल्ह्याची मनगटं बघत हिंडू?" साहेब म्हणाले, आणि मग ते हसले. हसणं थांबवायला त्यांना रुमाल काढावा लागला. शेवटी हुकूम झाला: सदर बंद करायचं नाही, पण दर गुरुवारी छापण्याआधी मजकूर इथं आणून वाचून दाखवायचा.

सुंदररावांना ती शिक्षा वाटली. पण दोन महिन्यांत असं झालं की गुरुवारी पाच मिनिटं उशीर झाला तर साहेबांचा शिपाई छापखान्याच्या दारात येऊन उभा राहायचा. रहमतुल्ला मजकुराचं उर्दू करता करता आपल्या पदरची मिरची लावायचा. "मियाँ, हे मी लिहिलं न्हवतं," गहिनीनाथ बाहेर आल्यावर म्हणे. "तर्जुमा हाय," रहमतुल्ला म्हणे, "तर्जुम्यात थोडं पाणी वाढतंच."

इकडं बायनाबाईच्या घरी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आश्रुबाची पहिली तीन पत्रं आली, कुणा मुनशीकडून लिहवून घेतलेली. बसऱ्याला पोचलो, खेचरं चांगली आहेत, उन्हाळा आपल्यासारखाच आहे, झाडं मात्र खजुराची. मग पत्रं थांबली. दोन महिने झाले, पाच झाले, आठ झाले. गहिनीनाथ बोरखेडला गेला की ती उंबऱ्यावर येऊन बसायची. बांगड्या भरायच्या नसायच्या. विधवा होती ती.

"कासारदादा, तुमच्या कागदात समदं येतं. माझं लेकरू का येईना?"

"येईल, मावशी."

"तुमी लोकाला हसवता. मला नका हसवू. खरं सांगा, हाय का न्हाई तो?"

त्या दिवशी बीडला परतताना गहिनीनाथ सगळी वाट पायी चालला. तट्टावर बसायचं त्याला सुचलंच नाही. पुढच्या गुरुवारी तो मजकूर न घेताच कचेरीत गेला. साहेबांनी भुवया वर केल्या.

"हुजूर, आज लिहिलं नाही. आज एक अर्ज आहे." आणि त्यानं, ज्या बाईचं नाव तेव्हा लपवलं होतं, ते आता आपल्या तोंडानं सांगितलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि त्या जुन्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. फौजेकडं चौकशीचं पत्र गेलं. दीड महिन्यानं उत्तर आलं: बीडचा आश्रुबा नावाचा कुणीही माणूस यादीत नाही.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "अजीब आहे," ते पेशकाराला म्हणाले. "तो आपला दुसरा माणूस सापडत नाही, आणि हा यांचा सापडत नाही."

"दुसरा कोण, हुजूर?" गहिनीनाथानं विचारलं.

पेशकारानं सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी फौजेकडून कागद आला होता. अशरफ बाबा, खेचरवाला, राहणार जिल्हा बीड, पायाला गोळी लागून बसऱ्याच्या दवाखान्यात आहे, नातलगांचा शोध घ्यावा. सगळे मोहल्ले पालथे घातले, मशिदीत पुकारा केला, पण त्या नावाचा कुणी लढाईवर गेलेलाच नव्हता.

रहमतुल्ला एकदम म्हणाला, "हुजूर, तो कागद बघू का?"

त्यानं कागद खिडकीच्या उजेडात धरला, मग बोटानं टेबलावर अक्षरं काढू लागला. आयुष्यभर त्यानं तेवढंच केलं होतं. "गहिनी, इधर देख. आश्रुबा उर्दूत लिहिताना मधी उकारासाठी वाव हे अक्षर येतं. वावाचं डोकं गोल. कुणी घाईत लिहिलं, वरती शाईचा एक ठिपका सांडला. ठिपका पडला की वाव दिसतो फे, म्हंजे फ. आश्रुबाचा झाला अशरफबा. पुढच्या मुनशीला वाटलं, बा म्हणजे काय? बाबा असंल. त्यानं नीट करून लिहिलं." त्यानं मान वर केली. "हुजूर, दोन माणसं नाहीत. एकच आहे."

 गहिनीनाथाच्या डोळ्यांसमोर आलं ते दवाखान्यातलं खाटलं, आणि दुसऱ्याच्या नावानं हाका ऐकत पडलेला तो पोरगा. साहेबांनी तिथल्या तिथं तार लिहायला घेतली. नाव मात्र त्यांनी रहमतुल्लाकडून लिहून घेतलं.

उत्तर तेराव्या दिवशी आलं. माणूस आश्रुबाच होता. आठ महिने तो जो भेटेल त्याला सांगत होता की मी अशरफ नाही, आणि लोक म्हणत होते की तापात बडबडतोय. घरी धाडलेली त्याची पत्रंही त्या नावाच्या गोंधळात कुठंतरी पडून राहिली होती.

गहिनीनाथानं तार घेतली आणि तट्टू बोरखेडच्या वाटेनं उधळलं. बायनाबाई रानात तुरी कापत होती. लांबून नाक दिसलं आणि ती विळा टाकून उभी राहिली.  "हाय, मावशी," एवढंच तो म्हणाला. "हाय तो." ती मटकन खाली बसली आणि तुरीच्या धसकटात हात टेकवून लहान पोरासारखी रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "खातोय का नीट?"

या गोष्टीवर त्यानं जो मजकूर लिहिला तो कौशल्याबाईला वाचून दाखवला तेव्हा ती हसली नाही, पण तिनं ओळ खोडायलाही सांगितली नाही. 'लढाईत तोफा लागतात असं म्हणतात,' त्यात होतं. 'आमच्या जिल्ह्यातला एक गडी शाईच्या एका ठिपक्यानं नाहीसा झाला होता. सगळ्या लिहिणाऱ्यांना विनंती की लेखणी झटकताना खाली कुणाचं लेकरू आहे का ते बघावं.' साहेबांनी तो ऐकला आणि पेशकाराला म्हणाले, याची एक नक्कल करून माझ्या सगळ्या मुनशींना द्या.

१९१८ च्या उन्हाळ्यात आश्रुबा आला. एक पाय आखडलेला, पण चेहरा हसरा. गावानं वेशीपर्यंत हलगी लावली. दवाखान्यातले सोबती त्याला शेवटपर्यंत अशरफभाईच म्हणत होते, आणि त्यातला एक, पंजाबकडचा, त्याला निरोप देताना गळ्यात पडून रडला होता. "नाव चुकलं, पर दोस्ती न्हाई चुकली," असं तो सांगायचा. पुढं त्यानं गेवराईत घोड्यांना नाल मारायचं काम धरलं आणि चांगलं चालवलं.

पण ते वर्ष सुखानं सरायचं नव्हतं. लढाई संपायच्या आधीच इन्फ्लुएंझाचा ताप आला. बीडात घराघरात माणसं अंथरुणाला खिळली. सुंदररावांचा धाकटा भाऊ गेला. गहिनीनाथाची आई गेली. आईच्या तिसऱ्या दिवशी त्यालाच ताप भरला आणि चार दिवस तो भान हरपून पडला. पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि उशाशी 'बालाघाट वर्तमान'चा ताजा अंक होता. अंक निघाला कसा, हे त्याला कळेना. त्यानं चौथं पान उलगडलं. 'उंबऱ्यावरून' जागच्या जागी होतं.

'आमच्या घरी पाच माणसं होती,' त्यात लिहिलं होतं. 'एक देवाघरी गेलं. तीन तापात आहेत. उरली ती एक. तिला ताप येऊन गेला असावा, पण तिला बघायला सवड झाली नाही. ज्यांच्या घरी कुणी उठतं-बसतं आहे त्यांनी शेजारच्या दाराची कडी वाजवून बघावी. आतून शिवी आली तरी चालेल, माणूस जिवंत आहे एवढं कळतं. पेजेत मीठ जरा जास्त घालावं. आजारी माणूस कुरकुरला की समजावं, बरा होतोय.'

अक्षर गोल, थरथरतं, ओळी उताराला लागलेल्या. ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नव्हता. रहमतुल्लानं ते दगडावर जसंच्या तसं उतरवलं होतं, एक काना दुरुस्त केला नव्हता.

कौशल्याबाई पेजेचं भांडं घेऊन आत आली. त्याच्या हातात अंक बघून दारातच थांबली.

"हे तू लिहिलंस?"

"दगड कोरा जायला नको म्हणून रहमतभाई दारात येऊन बसले होते," ती म्हणाली. "काय चुकलं असंल ते सांगा."

त्यानं मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी मधेच तो हसला आणि हसता हसता खोकला. तिनं पाठीवर हात फिरवला. आईच्या ओळीवर मात्र तो बराच वेळ थांबला होता, ते तिनं पाहिलं.

"लोक काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"पलीकडच्या घरातल्या हाफिजानं आज सहा दारांच्या कड्या वाजवल्या. दोन घरांत पेज दिली."

गहिनीनाथानं अंक घडी करून उशाखाली ठेवला. पेज घेतली. पुढल्या बुधवारी तो उठून बसला तेव्हा दौत त्यानं दोघांच्या मधे ठेवली. त्यानंतर सात वर्षं, 'बालाघाट वर्तमान' चाललं तोवर, कधी तो लिहायचा आणि कधी ती. दगडासाठी मात्र दोन्ही तोच आपल्या अक्षरात उतरवायचा, म्हणून बीडातल्या लोकांत यावर पैजा लागायच्या की या खेपेचं कुणाचं. बहुतेक वेळा लोक चुकायचे.